सोपी वाट

चालण्याच्या वाटांची वर्गवारी करणाऱ्या पुस्तिकांत सोरियाभोवतालच्या बहुतेक वाटा 'सोप्या' या सदरात घातलेल्या असतात. चढ थोडा, पायाखालची जमीन पक्की, पाणी जवळ, चुकण्याचे भय नाही. स्पेनमध्ये अशा वाटांना रंगांची खूण असते. दहा किलोमीटरांच्या आतली स्थानिक वाट असेल तर दगडावर किंवा खांबावर पांढरी आणि हिरवी पट्टी. त्याहून लांबची, एक-दोन दिवसांची असेल तर पांढरी आणि पिवळी. आणि दिवसेंदिवस चालायला लावणाऱ्या महावाटेवर पांढरी आणि तांबडी. शिखरे सर करण्याची हौस असलेले लोक पांढऱ्या-हिरव्या पट्टीकडे किंचित तुच्छतेने पाहतात. सोपी वाट म्हणजे जिच्यावर काही घडत नाही अशी वाट, असा एक समज त्यामागे असतो. साहित्याच्या प्रांतातही सोप्या लेखनाबद्दल असाच समज रूढ आहे, आणि तो तिथेही तितकाच अपुरा आहे.

सोरिया हे जुन्या कास्तीलच्या पठारावरचे, समुद्रसपाटीपासून १,०६३ मीटर उंचीवरचे गाव. वस्ती सुमारे चाळीस हजारांची. हिवाळा कडक, उन्हाळा आखूड. इथल्या उमरावांच्या बारा घराण्यांची नावे गावाच्या इतिहासात वारंवार येतात. गोमाराच्या सरदारांचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा भव्य वाडा पाहिला, की एवढ्या थंड आणि उजाड मुलखात एवढी श्रीमंती आली कुठून, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर वाड्यात मिळत नाही. ते गावाबाहेरच्या वाटांवर मिळते, आणि त्याकडे पुढे यायचेच आहे.

गावाच्या मध्यभागातून उताराने खाली गेले की सान पेद्रोचे मोठे चर्च लागते, आणि त्याच्या पुढे दुएरो नदीवरचा दगडी पूल. उर्बियोनच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, गावाला वळसा घालते, आणि पुढे अल्मासानच्या बाजूने पश्चिमेला वळून, जवळजवळ नऊशे किलोमीटरांचा प्रवास करून पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराजवळ अटलांटिकला मिळते. पूल ओलांडला की दोन फाटे फुटतात. डावीकडचा फाटा काही पावलांतच सान हुआन दे दुएरो या जुन्या मठाच्या अवशेषांशी पोचतो. उजवीकडचा सान पोलोच्या कमानीखालून सान सातुरियोच्या देवळाकडे जातो. दोन्ही मिळून अंतर तासाभराच्या चालण्याचे. सोरियाच्या साऱ्या वाङ्मयीन कीर्तीला एवढीशी जमीन पुरली आहे.

सान हुआनचा मठ धर्मयोद्ध्यांच्या एका पंथाचा होता. त्याच्या चौकाचे छप्पर केव्हाच गेले आहे, कमानींची रांग तेवढी उघड्यावर उभी आहे. या कमानी एकसारख्या नाहीत. एका कोपऱ्यात साध्या अर्धवर्तुळाकार, दुसरीकडे घोड्याच्या नालासारख्या, तिसरीकडे एकमेकींत गुंफलेल्या, अशी चार प्रकारची रचना एकाच चौकात आढळते. कुणी तिचे मूळ अरबी कारागिरीत शोधतात, कुणी दक्षिण इटलीत. मठाच्या मागच्या टेकाडाचे नाव 'प्रेतात्म्यांचा डोंगर'. एकोणिसाव्या शतकातला कवी गुस्ताव्हो आदोल्फो बेकेर याने १८६१ साली याच नावाची एक भयकथा लिहिली. सर्व मृतांच्या रात्री एका तरुणीने हट्टाने आपला निळा पट्टा शोधायला प्रियकराला त्या डोंगरावर पाठवले, आणि पुढे जे घडले ते वाचून स्पेनमधल्या मुलांच्या कित्येक पिढ्या पांघरुणात दडल्या. पुढच्याच वर्षीच्या 'चंद्रकिरण' या कथेतला नायक याच नदीकाठच्या झाडीत एका पांढऱ्या वस्त्रामागे वेडा होऊन धावतो. शेवटी ते वस्त्र पानांतून उतरलेली चांदण्याची तिरीप ठरते. बेकेरची सासुरवाड सोरिया प्रांतातली. त्यामुळे हा परिसर त्याच्या परिचयाचा होता. पण त्याच्या डोळ्यांना तो रात्रीच दिसला असे म्हणावे लागते. दिवसाउजेडी याच वाटेवर काय असते, हे सांगायला दुसरा कवी यावा लागला.

आंतोनियो माचादो १९०७ साली फ्रेंच भाषेचा शिक्षक म्हणून सोरियात आला. जन्म १८७५ चा, सेव्हिल्याचा. म्हणजे लिंबू-संत्र्यांच्या बागांच्या उबदार दक्षिणेतला. वय बत्तीस, एक कवितासंग्रह नावावर, पोशाखाबाबत गबाळा, बोलण्यात संकोची. ज्या विद्यालयात त्याने शिकवले त्याला आता त्याचेच नाव आहे आणि त्याचा वर्गही जपून ठेवलेला आहे. पण शिक्षक म्हणून त्याची फारशी ख्याती नव्हती. त्याचा खरा दिनक्रम चालण्याचा. तास संपले की तो पुलावरून नदीपलीकडे जाई, सान पोलोच्या बोगदीवजा कमानीखालून निघून सान सातुरियोपर्यंत आलामोंच्या, म्हणजे पॉप्लर वृक्षांच्या, सोबतीने चाले, आणि परत फिरे. या वाटेवर चढ नाही, वळण नाही म्हटले तरी चालेल. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला करडा खडक. आलामोंच्या सालींवर प्रेमिकांनी कोरलेली आद्याक्षरे आणि तारखा त्याने पाहिल्या आणि त्या त्याच्या कवितेत आल्या. नदीच्या वळणाला त्याने ताणलेल्या धनुष्याची उपमा दिली. ही उपमा सोरियात आता इतक्या ठिकाणी लिहिलेली सापडते की तिच्यातला ताण ढिला पडल्यासारखा वाटतो. त्यात कवीचा दोष नाही.

वाटेच्या टोकाला खडकाला बिलगून सान सातुरियोचे अष्टकोनी देऊळ उभे आहे. परंपरा सांगते की सहाव्या शतकातला हा सधन तरुण आईवडिलांच्या पश्चात सारी मालमत्ता गोरगरिबांत वाटून नदीकाठच्या गुहेत राहायला आला. त्याच्या कीर्तीने ओढला गेलेला प्रुदेन्सियो नावाचा शिष्य पैलतीरावरून आला आणि पाण्यावरून चालत नदी ओलांडून गुरूपाशी पोचला. संतचरित्रांच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. पाण्याने भक्ताला वाट देणे ही कल्पना फार ठिकाणी आढळते. आजही देवळात शिरायचे ते गुहेतूनच. अंधाऱ्या दगडी पायऱ्यांनी खडकाच्या पोटातून वर वर जावे, तेव्हा अठराव्या शतकाच्या आरंभी भित्तिचित्रांनी भरून टाकलेले उजळ सभागृह अचानक समोर येते. २ ऑक्टोबरला संताचा उत्सव असतो. एरवीच्या दिवशी गावातले वृद्ध स्त्री-पुरुष जेवणानंतर पाय मोकळे करायला इथवर येतात. त्यांच्यातल्या पुष्कळांना विचारले तर आपण यात्रेला आलो की फिरायला, हे त्यांना नेमके सांगता येणार नाही.

१९०९ च्या जुलैत माचादोचे लग्न झाले. वधू लेओनोर इस्किएर्दो ही तो राहत असलेल्या खानावळीच्या मालकिणीची मुलगी. तिचे वय पंधरा, त्याचे चौतीस. लग्नाच्या दिवशी बघ्यांनी टवाळी केल्याची नोंद आहे. आजच्या वाचकाला हे अंतर खटकते, आणि खटकावे हे योग्यच आहे. चरित्रकारांनी या विवाहावर चढवलेला गुलाबी मुलामा त्यामुळे उपयोगाचा नाही. तिची स्वतःची बाजू सांगणारे लेखन मागे उरलेले नाही. जे उरले ते त्याच्या कवितेत, म्हणजे एका बाजूचे. १९११ च्या आरंभी शिष्यवृत्ती मिळून दोघे पॅरिसला गेली. तिथे तो बेर्गसाँची व्याख्याने ऐकत होता. जुलैच्या मध्यास, सारे शहर राष्ट्रीय सणाच्या रोषणाईत असताना, तिला रक्ताची उलटी झाली. क्षयाचे निदान झाले. डॉक्टरांनी कोरडी, स्वच्छ हवा सुचवली आणि सप्टेंबरात दोघे सोरियाला परतली.

त्या काळी क्षयावर हवेखेरीज औषध नव्हते. माचादोने गावाच्या ईशान्य कडेला, एल मिरोन या टेकडीच्या वाटेवर, बाग असलेले एक छोटे घर भाड्याने घेतले. १९१२ च्या वसंतात, ऊन थोडे तापले म्हणजे तो लेओनोरला चाकांच्या खुर्चीत बसवून या वाटेने नेई. एल मिरोनचे देऊळ उंचावर आहे, पण त्याकडे जाणारी वाट सपाट आहे. वरून सारा मुलूख दिसतो: खाली दुएरो, दगडी पूल, सान हुआनच्या उघड्या कमानी, पलीकडे बेकेरचा तो डोंगर. सशक्त मनुष्य ही वाट पाऊण तासात चालून परत येईल. ज्याला आजारी माणसाची खुर्ची ढकलायची आहे त्याला मात्र जमिनीचा प्रत्येक खडा ठाऊक होतो. कुठे चाक रुतते, कुठे उतारावर खुर्ची मागे ओढून धरावी लागते, कोणत्या झाडाखाली वारा कमी असतो, हे त्याला डोळे मिटून सांगता येते. तिला नेता आली एवढ्यासाठी ती वाट सोपी असणे आवश्यक होते. चढणीची, दगडधोंड्यांची, पुस्तिकांत मानाने मिरवणारी वाट तिच्या काहीच कामाची नव्हती. वाट सोपी की अवघड हे ठरवताना ती धडधाकट माणसाला किती दमवते हे पाहतात. ती अशक्त माणसाला किती दूर नेते, हे मोजायचीही पद्धत असावी.

त्याच वसंतात, ४ मे १९१२ या तारखेची, वठलेल्या एल्म वृक्षावरची त्याची कविता आहे. वीज पडून फाटलेल्या, आतून कुजलेल्या जुन्या खोडाला एप्रिलच्या पावसाने चार हिरवी पाने फुटतात, तेवढ्यावर ती कविता उभी आहे. लेओनोरचे नाव तीत कुठेही नाही. नाव आले असते तर कविता दुबळी झाली असती. गावात एल एस्पिनोच्या चर्चपाशी एक वठलेले खोड जपून ठेवलेले आहे आणि ते कवितेतले झाड म्हणून दाखवतात. कवितेतले झाड हेच की नदीच्या अंगाचे दुसरे एखादे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९८० नंतर, बुरशीच्या एका रोगाने स्पेनमधले एल्म वृक्ष गावोगावच्या चौकांतून आणि नदीकाठांवरून जवळजवळ नाहीसे केले. कवितेतल्या झाडाला निदान चार पाने फुटली. त्याच्या जातीच्या असंख्य झाडांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

लेओनोर १ ऑगस्ट १९१२ रोजी वारली. ती अठरा वर्षांची होती. एल एस्पिनोच्या दफनभूमीत तिला पुरले. 'कास्तीलची माळराने' हा सोरियातून जन्मलेला संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध होऊन नावाजला जात होता. पुढे कवी हुआन रामोन हिमेनेस याला लिहिलेल्या पत्रात माचादोने सांगितले आहे की त्या दिवसांत स्वतःवर गोळी झाडून घेण्याचा विचार त्याच्या मनात आला होता आणि पुस्तकाला मिळालेल्या यशाने त्याला परावृत्त केले. पत्नीच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच त्याने सोरिया सोडले आणि दूर दक्षिणेत, आंदालुसियातल्या बाएसा या गावी बदली करून घेतली.

बाएसाहून त्याने १९१३ च्या वसंतात सोरियातल्या एका मित्राला पत्राच्या रूपात कविता लिहिली. मित्राचे नाव होसे मारिया पालासिओ. तो पत्रकार होता. ही कविता म्हणजे बहुतांशी प्रश्नांची माळ आहे. आलामोंना पालवी आली का, जुन्या एल्मांवर काही दिसते का, खडकांत रानफुले उमलली का, करकोचे घंटाघरांवर आले का, शेतकरी उशिराची पेरणी करतात का. प्रश्न इतके साधे आहेत की पहिल्या वाचनात हा कुशलवृत्ताचा उपचार वाटावा. शेवटी तो मित्राला एवढेच सांगतो की मळ्यांतली पहिली फुले घेऊन एखाद्या निळ्या सायंकाळी एस्पिनोवर चढ, जिथे तिची भूमी आहे. तेवढ्याने मागचे सारे प्रश्न बदलून जातात. ज्या वाटेने आता आपण जाऊ शकत नाही, ती वाट आपल्या वतीने दुसऱ्याने चालावी अशी ती विनंती आहे. आणि वाटही कसली? गावातून कब्रस्तानापर्यंतचा एक छोटासा चढ.

मराठीत प्रतीक्षा करण्याला 'वाट पाहणे' म्हणतात. येणाऱ्या माणसाकडे नव्हे, तो ज्यावरून येईल त्या वाटेकडे डोळे लावून बसणे. इतर भाषांत या क्रियेसाठी आशेशी किंवा थांबण्याशी नाते सांगणारे शब्द आहेत. स्पॅनिशमध्ये तर आशा करणे आणि थांबणे यांना एकच क्रियापद आहे. बाएसातला माचादो आशा करत नव्हता. आशेला जागाच नव्हती. तो मराठी अर्थाने वाट पाहत होता: आलामोंची, सान पोलोची, एल मिरोनची. जिच्यावरून कुणी येणार नाही अशा वाटेकडेही माणूस पाहत राहतो, हे या पत्रकवितेत जितके स्पष्ट दिसते तितके त्याच्या विलापकवितांत दिसत नाही.

चालणारा आणि वाट यांच्याविषयी माचादोची काही सुभाषितवजा कवने आहेत, आणि त्यांतले एक जगभर पोचले आहे. १९६९ साली होआन मानुएल सेर्रात या गायकाने त्याचे गाणे केल्यापासून ते ज्यांनी माचादो वाचलेला नाही त्यांच्याही तोंडी असते. वाट आधीपासून नसते, ती चालण्यातून होते, अशा आशयाचे ते कवन आता भेटकार्डांवर, भिंतींवर आणि प्रेरणा देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्या भाषणांत आढळते. प्रत्येकाने आपली वाट आपण पाडावी, असा शूर अर्थ त्याला चिकटवण्यात येतो. सोरियातल्या वाटा चालून आलेल्या माणसाला हा अर्थ पटणे कठीण आहे. माचादोने इथे एकही नवी वाट पाडली नाही. तो रोज मळलेल्या वाटेनेच गेला, तिच्या टोकापर्यंत गेला आणि तिनेच परतला. कवनातला चालणारा मागे वळून पाहतो तेव्हा जी पुन्हा तुडवता येणार नाही अशी वाट त्याला दिसते. आणि सोरियाच्या वाचकाला ती वाट कोणती हे विचारावे लागत नाही. जगाने त्या कवनातून उमेद घेतली. त्यातला शोक तिथेच राहिला.

मग या वाटा पाडल्या कुणी? इथे गोमाराच्या त्या वाड्याकडे परत यावे लागते. वाडा बांधला तो लोकरीने. मेरिनो मेंढीची तलम लोकर ही कित्येक शतके कास्तीलची खरी दौलत होती आणि सोरिया तिच्या मुख्य ठाण्यांपैकी एक. १२७३ साली राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघाला सनद दिली. तिचे जे चार विभाग होते त्यांत लेओन, सेगोव्हिया आणि कुएन्का यांच्या जोडीला सोरिया होते. उन्हाळ्यात या डोंगरांत चरलेले कळप शरदात थंडीच्या आधी दक्षिणेकडे, एक्स्त्रेमादुरा आणि आंदालुसियाच्या उबदार कुरणांकडे निघत आणि वसंत सरता सरता परत येत. त्यांच्या जाण्यायेण्याच्या राजमार्गांना 'कान्यादा' म्हणत. त्यांची रुंदी ठरलेली होती: नव्वद वारा, म्हणजे आजच्या मापाने पंचाहत्तर मीटरांहून किंचित अधिक. त्याहून अरुंद उपमार्गांनाही आपापली मापे होती. शेतकऱ्याने नांगर या हद्दीच्या आत आणायचा नाही. सोरियातून निघणारी एक कान्यादा सुमारे आठशे किलोमीटर चालून सेव्हिल्याच्या मुलखात पोचते. हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे: सेव्हिल्यात जन्मून सोरियात आलेला कवी मेंढरांच्या परतीच्या दिशेनेच आला होता.

मेस्ताने शेतकऱ्यांवर जुलूम केला, हेही इतिहासात नोंदलेले आहे, आणि १८३६ मध्ये ती संस्था मोडली तेव्हा पुष्कळांना हायसे वाटले. पण मार्ग उरले. स्पेनभर त्यांची लांबी सुमारे सव्वा लाख किलोमीटर मानली जाते. अनेक ठिकाणी ते नांगरले गेले, अनेक ठिकाणी त्यांवरून मोटाररस्ते गेले. १९९५ च्या कायद्याने त्यांना पुन्हा सार्वजनिक मालमत्ता ठरवले. ते विकता येत नाहीत, जप्त होत नाहीत, आणि कितीही वर्षे कुणी त्यांवर कब्जा केला तरी त्याची मालकी सिद्ध होत नाही. मेंढरांना प्रथम हक्क. त्यानंतर पायी चालणारे, घोडेस्वार, सायकलवाले यांना मुभा. सोरियाभोवती फेरफटका मारणाऱ्या पर्यटकाला एखादी वाट गरजेपेक्षा फारच ऐसपैस का आहे असे वाटते तेव्हा तो बहुधा एखाद्या कान्यादावर उभा असतो. वाट सोपी वाटते, कारण मेंढ्यांना अवघड वाट परवडत नसे. कोकरे आणि गाभण मेंढ्या घेऊन निघालेला माणूस उतार सौम्य तिथूनच जातो, पाणी असेल तिथूनच जातो. हजारो खुरांनी निवडलेली चढण आज पांढऱ्या-हिरव्या पट्टीने 'सोपी' म्हणून दाखवली जाते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या मुलखातले धनगर दसरा-दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्याच्या आधी परततात. वाटेत शेतात मेंढरे बसवली की शेतकऱ्याला खत मिळते आणि धनगराला धान्य. मात्र त्यांच्या मार्गांना पंचाहत्तर मीटरांची सनद कुणी दिली नाही. आपल्याकडे त्या जागी एक शब्द आहे: वहिवाट. वापराने निर्माण झालेला हक्क. पाणंद दोन्ही बाजूंच्या बांधांनी हळूहळू खाल्ली जाते, मग भांडण तहसीलदारापुढे येते आणि १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली अडवलेला रस्ता मोकळा करून मागावा लागतो. तिथेही मुद्दा एकच असतो: या वाटेने माणसे जात होती की नाही. वहिवाट चालू राहिली तर वाट राहते. कायदा कागदावर वाट राखू शकतो. गवत वाढू न देणे त्याच्या हातचे नाही.

वाट बंद करणे म्हणजे काय, याचा धडाही सोरियापासून सात किलोमीटरांवर, नदीच्या वरच्या अंगाला मिळतो. गाराय गावाशेजारच्या टेकाडावर नुमान्सिया हे प्राचीन नगर होते. रोमनांना त्याने वर्षानुवर्षे दाद दिली नाही. शेवटी इ. स. पूर्व १३४ मध्ये स्किपिओ आला. त्याने हल्ला केला नाही. नगराभोवती छावण्या आणि तट यांचे कडे घातले, आणि दुएरोतून पोहत किंवा होडीने कुणी निसटू नये म्हणून पाती आणि भाल्यांची टोके ठोकलेले ओंडके प्रवाहात सोडले, असे आप्पियानने लिहिले आहे. पुढच्या वर्षी नगर उपासमारीने पडले. सेर्व्हान्तेसने या वेढ्यावर शोकनाटक लिहिले. माचादो सोरियात होता त्याच वर्षांत आडोल्फ शुल्टेन हा जर्मन पुरातत्त्वज्ञ इथे उत्खनन करत होता. आज टेकाडावर पायांच्या उंचीएवढ्या भिंती आणि रस्त्यांच्या रेषा दिसतात. रस्ता ओलांडताना पाय कोरडे राहावेत म्हणून मांडलेले दगडही तसेच आहेत. ज्या नगराला बाहेर जायची वाट उरली नव्हती त्याच्या आतल्या वाटा तेवढ्या टिकल्या.

सोरिया प्रांताला आज वेढा नाही. तरीही माणसे कमी झाली. १९५० च्या सुमारास दीड लाखाच्या पुढे असलेली प्रांताची लोकसंख्या आता नव्वद हजारांच्या आसपास आहे, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ माणसे. पश्चिम युरोपातल्या सर्वांत विरळ वस्तीच्या मुलखांत त्याची गणना होते. सांतान्देरच्या बंदरातून भूमध्य समुद्राकडे जाणारी म्हणून आखलेली रेल्वे सोरियावरून जात होती. १९८५ साली ती बंद झाली, आणि तिच्या रुळांच्या जागेवर आता चालणाऱ्यांची आणि सायकलींची हिरवी वाट आहे. ती अर्थातच सोपी आहे. आगगाडीला चढ सोसत नाही. सेर्खिओ देल मोलिनो या लेखकाने २०१६ साली या ओस मुलखाविषयी पुस्तक लिहिले, आणि त्याच्या शीर्षकातला 'रिकामा स्पेन' हा शब्दप्रयोग राजकारणात रुळला. ३१ मार्च २०१९ रोजी अशा प्रांतांतली माणसे माद्रिदच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन उतरली. तोवर 'रिकामा' या शब्दाच्या जागी 'रिकामा केलेला' हा शब्द आला होता. एका प्रत्ययाचा हा फरक भाषेच्या विद्यार्थ्याने नीट पाहावा असा आहे. त्यात कर्ता आला.

या ओस पडण्याचा आणि वाटांचा संबंध सरळ नाही. गावे ओस पडली म्हणून वाटांवर चालणारे कमी झाले. आणि तीच वस्ती विरळ म्हणून शांततेच्या शोधात शहरी माणसे चालायला येऊ लागली. खांबांवर ताज्या रंगाच्या पट्ट्या दिसतात, परंतु ज्यांना पट्टीची गरज नव्हती ते लोक गेले. वाट विचारायला बांधावर कुणी भेटत नाही म्हणूनच तर पट्टी रंगवावी लागते. आलेल्या पाहुण्यांची थट्टा करण्यात अर्थ नाही. त्यांच्या पायांनीही गवत दबते, आणि २०२३ साली मेंढपाळांच्या हंगामी स्थलांतराला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाल्यावर असल्या मार्गांकडे थोडे अधिक लक्ष जाऊ लागले. पण पाहुणा एकदा येतो. वहिवाट रोजच्या येण्याजाण्याने पडते. सान सातुरियोची वाट अजून वहिवाटीची आहे, याचे श्रेय कवीला नाही. जेवणानंतर बाहेर पडणाऱ्या त्या वृद्धांना आहे.

माचादो वीस वर्षांनी, १९३२ साली, सोरियाला आला. गावाने त्याला दत्तक पुत्र म्हणून गौरवले आणि समारंभ सान सातुरियोच्या अंगणात झाला. सत्तावन्न वर्षांचा, काठी टेकत चालणारा कवी पुन्हा त्या आलामोंखालून गेला. तो तिथे राहिला नाही. सात वर्षांनी, १९३९ च्या जानेवारीच्या अखेरीस, यादवी युद्धात प्रजासत्ताकाचा पराभव होत असताना, तो अतिवृद्ध आईला घेऊन कातालोनियाच्या निर्वासितांच्या लोंढ्यात सापडला. सरहद्दीपाशी मोटारी अडल्या. शेवटचा टप्पा त्यांनी पावसात पायी ओलांडला, सामान मागेच राहिले. फ्रान्समधल्या कोल्यूर या किनाऱ्यावरच्या गावी २२ फेब्रुवारीला तो वारला, तीन दिवसांनी आई. त्याची कबर तिथेच आहे आणि लेओनोरची एस्पिनोवर.

एस्पिनोवर फुले ठेवलेली असतात. ती कोण ठेवते हे गावात कुणी विचारत नाही. तिथून उतरून, सान पेद्रोवरून, पुलावरून, कमानीखालून गेले की सान सातुरियो येते. संध्याकाळी फिरायला आलेली माणसे पायऱ्यांपाशी पोचली म्हणजे क्षणभर कठड्याला टेकतात, पाण्याकडे पाहतात, आणि उजेड असेतो घराकडे वळतात. नदी देवळाखालून तशीच अल्मासानच्या दिशेने जाते.